कलशाच्या पोटातली खिडकी

या सदरातली पत्रं मी नेमानं वाचतो. वाचून झालं की चष्मा काढून ठेवतो आणि थोडा वैतागतो. कारण ज्याला त्याला जे काही दिसतं ते रात्रीच दिसतं. कंदील विझलेला असतो, वाटेवर चिटपाखरू नसतं, माणूस दमलेला असतो... अशा वेळी बाभळीचं झुडूपसुद्धा माणसाला हाक मारू शकतं. माझ्या बाबतीत जे झालं ते सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात झालं, स्वच्छ उजेडात, आणि एकदा नव्हे तर बारा दिवस ओळीनं. म्हणून लिहायला बसलो आहे. एरवी या वयात लिहिण्याचा उत्साह मला राहिलेला नाही.

आधी हे सांगून टाकतो की भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कसा असणार? भुतं मी स्वतः बनवलेली आहेत. माझा धंदा फोटोग्राफीचा. वाशीमला असताना एका वकीलसाहेबांच्या हौसेखातर मी एकाच काचेच्या प्लेटवर दोनदा एक्स्पोजर दिलं आणि त्यांच्या खुर्चीमागं त्यांचाच गडी धुरासारखा आरपार उभा केला. तो फोटो बघायला आळीतली माणसं आली. एका म्हाताऱ्या बाईनं तर लांबूनच हात जोडले. मी घरी येऊन पोट धरून हसलो. माझी बायको द्वारका मात्र हसली नाही. "असं अर्धं मानूस काचेवर ठेवू नये," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

द्वारकेबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण गोष्ट तिचीच आहे. लग्न झालं तेव्हा मी फिरता फोटोग्राफर होतो आणि पुढं अठरा वर्षं फिरताच राहिलो. वाशीम, मालेगाव, मंगरूळ, मध्ये काही महिने किन्हीराजा... पोहरादेवीच्या जत्रेत रंगवलेला पडदा टांगून त्यासमोर माणसं बसवायची आणि जत्रा उठली की पडदा गुंडाळायचा. मूलबाळ झालं नाही. दर वेळी नव्या जागी चूल मांडायची आणि ती अंगवळणी पडली की मोडायची, हे काम तिचं. तक्रार करणारी ती नव्हती. पण शेवटी शेवटी तिनं सामान पूर्ण सोडणं बंद केलं. अर्धी बोचकी तशीच बांधलेली ठेवायची. मी विचारलं तर म्हणे, पुन्हा बांधाचंच हाय तर सोडाचं कायले.

तिनं माझ्याजवळ उभ्या आयुष्यात दोन गोष्टी मागितल्या. एक, बसायला खिडकी असलेलं घर. दुपारी हातातलं काम संपलं की खिडकीशी बसावं, रस्त्यानं येणारं जाणारं बघावं, बस. दुसरी, स्वतःचा एक फोटो. हसण्यासारखं आहे, पण फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नव्हता. मी म्हणायचो, नीट जागा मिळू दे, नीट उजेड मिळू दे, मग तुझा असा फोटो काढतो की बघत राहशील. हे मी अठरा वर्षं म्हणत होतो.

दुसरी लढाई सुरू व्हायला दोनेक वर्षं असतील. आम्ही कारंज्याला आलो, कारण तिथले नेमिचंदशेठ म्हणून जैन व्यापारी होते, पितळेच्या भांड्यांचे, त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. समया, लोटे, घंटा, आरत्या, अभिषेकाचे कलश असा त्यांचा माल. लग्नसराईच्या आधी त्यांना एक सचित्र कॅटलॉग छापून गावोगावच्या दुकानदारांना पाठवायचा होता. बारा भांडी, बारा फोटो. प्लेटा दसऱ्याच्या आत नागपूरला छपाईचे ब्लॉक करायला गेल्या पाहिजेत. काम चांगलं उतरलं तर पुढं दरवर्षीचं काम माझंच, असं शेठ म्हणाले. म्हणजे एका गावात मुक्काम. द्वारकेनं हे ऐकलं आणि त्या दिवशी एक बोचकं सोडलं.

आता यात अडचण काय होती ते सांगतो. चकचकीत पितळेचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. समोरची सगळी खोली त्यात दिसते. दार, तिवई, कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागं वाकलेला मूर्ख मनुष्य. आमच्या धंद्यात यावर सोपा उपाय आहे. भांड्याला खडू आणि तेलाचा पातळ हात द्यायचा, चमक मरते, काम होतं. पण शेठ म्हणाले की ही देवाच्या अभिषेकाची भांडी आहेत, त्यांना कसलंही तेल, मेण, चरबी लागता कामा नये. ते बोलले आणि विषय संपला. त्यांच्या माणसानं चिंच आणि राख लावून घासलेली भांडी माझ्याकडे यायची, आणि तशीच झळझळीत परत जायची.

मग एकच मार्ग राहिला. भांड्याच्या चारी बाजूंनी पांढऱ्या मांजरपाटाचा तंबू करायचा, त्याला लेन्सपुरतं भोक ठेवायचं, म्हणजे भांड्यात फक्त पांढरं कापड दिसेल. पण त्यासाठी जागा हवी विशिष्टच. उजेड एकाच बाजूनं, तोही उत्तरेचा. दुसरं दार नको, झरोका नको. धूर नको, धूळ नको. आणि जमीन स्थिर हवी, कारण एकेका प्लेटला मिनिटभर एक्स्पोजर द्यावं लागतं आणि तेवढ्यात काही हललं की सगळं वाया.

अशी जागा भाड्यानं शोधत मी पंधरा दिवस कारंजं पालथं घातलं. पहिली जागा जिनिंगजवळ होती. भिंतीला हात लावला की भिंत थरथरायची आणि हवेत कापसाचे तंतू. दुसरी धान्याच्या दुकानावरची, तिथं समोरच्या विटांच्या भिंतीवरून लालसर उजेड आत यायचा आणि त्या उजेडाला आमच्या प्लेटा दाद देत नाहीत. तिसरी जागा बघायला द्वारका बरोबर आली होती. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि बाजूला लांबरुंद खिडकी. बाहेर कडुनिंब, पलीकडे रस्ता. मी छत बघत होतो, दिशा बघत होतो. ती खिडकीशी जाऊन बसली. डाव्या हातानं उजवं कोपर धरून, डोक्यावरचा पदर थोडा मागं सरकलेला, मान किंचित बाहेर वळवलेली. ती नेहमी तशीच बसायची.

मी म्हणालो, ही नाही चालायची. दोन बाजूंनी उजेड येतो आणि पानांची सावली हलते.

ती उठली. रस्त्यानं परत येताना पुढं पुढं चालत होती. मग म्हणाली, "भांड्यायसाठी जागा पाहता तुमी. मानसासाठी पाहाले लागसान तवा मले बोलवा." आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती भावाकडे धनजला गेली. मी थांबवलं नाही. मला वाटलं, बरंच झालं, जागा ठरली की आणू.

चौथी जागा मिळाली ती गुलाबराव पाटलांची. गावाच्या कडेला सरकी साठवायची दगडी खोली. पुढचं रुंद दार उत्तरेला, समोर मोकळं मैदान, बाकी तीन भिंती हातभर जाडीच्या आणि आंधळ्या. मला इतका आनंद झाला की मी पाटलांसमोरच भिंतीवर थाप मारली. पाटलांना नवल वाटलं. अशा कोठडीत राहायला कोणी आनंदानं येतं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी खोली झाडून घेतली, कोपऱ्यात काळं कापड लावून डार्करूम केली आणि पोळा झाल्यावर कामाला लागलो. द्वारकेला दोन ओळी टाकल्या की जागा मिळाली, काम संपलं की न्यायला येतो. खिडकीचं काही लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी लोटा होता. तंबू लावला, भोकातून लेन्स घातली, मनात साठ मोजले, प्लेट धुतली आणि लाल दिव्यात बघितली. लोटा सुरेख उतरला होता. पण त्याच्या पोटात, डाव्या अंगाला, एक चौकोन. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, उजेड काळा दिसतो आणि अंधार पारदर्शक. तर तो चौकोन काळा होता, म्हणजे तिथं कापडापेक्षा जास्त उजेड होता, आणि त्या चौकोनात खालच्या बाजूला नखाएवढा पारदर्शक ठिपका. मी म्हटलं, कापडाची शिवण उसवली असणार. तपासली. उसवलेली नव्हती.

आता रिटचिंग म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निगेटिव्हवर जिथं जास्त काळं आलं आहे तिथं बारीक चाकूनं खरवडून ते हलकं करायचं आणि जिथं रिकामं आहे तिथं टोकदार पेन्सिलीनं भरून घ्यायचं. देवीचे व्रण, सुरकुत्या, वाकडे दात, सगळं मी आयुष्यभर असंच घालवत आलो. या कामाची एक सवय लागते. काय आहे ते बघायचं नाही, काय नको आहे ते काढायचं. त्या दुपारी प्लेट वाळल्यावर मी चौकोन खरवडला, ठिपका पेन्सिलीनं भरला, आणि प्लेट बाजूला ठेवली. डोळे दुखत होते. अठरा वर्षं हेच करून दुखायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी घंटा. पुन्हा चौकोन, पुन्हा डाव्या अंगाला. तिसऱ्या दिवशी मी तंबू दुपदरी केला आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. चौकोन होताच. चौथ्या दिवशी लेन्स काढून पुसली. पाचव्या दिवशी काहीच केलं नाही. फोटो काढला, प्लेट वाळवली, खरवडलं, भरलं. खरं सांगायचं तर भीती वगैरे मला अजिबात वाटली नाही, फक्त कंटाळा आला. इतकी शोधून शोधून घेतलेली जागा आणि तिच्यातही खोट निघाली, याचा कंटाळा.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. कापडात खोट असती तर प्रत्येक भांड्याच्या आकाराप्रमाणे चौकोन वेडावाकडा झाला असता, आणि तसा तो होतही होता. पण त्यातला ठिपका दर दिवशी थोडा मोठा येत होता.

मी पाटलांना विचारलं की चौकोन ज्या अंगाला येत होता त्या पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी खिडकी होती का, बुजवलीत का. ते म्हणाले, "इथं खिडकी कधीच नोती, मास्तर. सरकीले कायले पायजे खिडकी? सरकी का बाहीर पाह्यते?"

आठव्या दिवशी नेमिचंदशेठ काम बघायला आले. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं असे, म्हणून घाईत होते. त्या दिवशी समई होती आणि तिच्या प्लेटला माझा हात लागायचा होता, पण मी दुपारीच उन्हात धरून एक कच्चा प्रिंट काढलेला होता. शेठनी तो उचलला आणि दाराशी नेऊन जवळ धरला. समईच्या बैठकीकडे बघत म्हणाले, "मास्तर, हे कोन बसलं हाय?"

मी म्हणालो, डाग आहे, संध्याकाळपर्यंत जाईल.

"डाग बसत नाई असा," ते म्हणाले. मग प्रिंट खाली ठेवला, त्या आंधळ्या भिंतीकडे एकदा बघितलं आणि जेवायला निघून गेले. मी प्रिंट फाडला. निगेटिव्ह घेतलं आणि नेहमीप्रमाणे साफ केलं. भिंगाखाली धरून बघावं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आज मला याचंच जास्त वाईट वाटतं. दुसऱ्याला दिसलं, त्यानं बोलून दाखवलं, आणि तरी मी बघितलं नाही.

बाराव्या दिवशी अभिषेकाचा मोठा कलश होता, मांडीएवढा. त्याचं पोट एवढं मोठं की त्यातला चौकोन आता तळहाताच्या निम्मा आला. एवढी जागा नुसत्या डोळ्यानं खरवडली तर ओरखडे दिसले असते, म्हणून दुपारी मी प्लेट तिरक्या डेस्कवर लावली, डोळ्याला भिंग लावलं, उजव्या हातात चाकू घेतला आणि वाकलो.

ती खिडकी होती. चौकट, खालची फळी, सगळं स्पष्ट. आणि खिडकीशी बाई बसली होती. निगेटिव्हवर माणूस ओळखणं इतरांना कठीण, पण मी आयुष्यभर माणसं उलटीच बघत आलो आहे. डाव्या हातानं उजवं कोपर धरलेलं. पदर थोडा मागं सरकलेला. मान किंचित बाहेर वळवलेली.

तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल, मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये जो हलतो तो काचेवर येतच नाही. रस्त्यानं चालणारा माणूस असा फोटोतून नाहीसा होतो. काचेवर तोच उतरतो जो पूर्ण मिनिट न हलता बसला. म्हणजे ती बसली होती. माझ्या पाठीमागं, त्या बंद खोलीत, रोज सकाळी. आणि मी रोज दुपारी तिला खरवडून, पेन्सिलीनं भरून, नाहीशी केली होती. अकरा वेळा.

चाकू खाली ठेवला. दुपार कलली होती. प्लेट काळ्या कागदात गुंडाळून पेटीत टाकली, दाराला कुलूप लावलं आणि मोटारअड्ड्याकडे निघालो. मोटार अर्ध्या वाटेपर्यंत मिळाली, पुढं एका ओळखीच्या माणसाची बैलगाडी. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की डोळे गेले आहेत माझे, आता चष्मा लावला पाहिजे. धनजला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती.

मेव्हणा नामदेव अंगणातच भेटला. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मी पायरीवरच थांबलो. मी काही विचारायच्या आधी तो सांगू लागला. ताप. पोळ्यापासून. रोज दुपारी असा चढायचा की ती हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आणि दर दुपारी आदल्या दिवसापेक्षा जास्त. वैद्य झाले, डॉक्टर झाले, कोयनेलच्या गोळ्या झाल्या. मला निरोप का धाडला नाही म्हणून मी ओरडलो.

"तिनंच नाई म्हटलं, भाऊजी," तो म्हणाला. "म्हने त्यायचं काम होऊ द्या, जागा भेटली त्यायले. काल तं आमी आशा सोडली होती. आज दुपार कलली अन् काय झालं तं तिनं डोये उघडले, पानी मांगलं. पयल्यांदा."

मी आत गेलो. ती बाजेवर होती. अंगावर मांस उरलं नव्हतं, हात लावायची भीती वाटावी अशी. मला ओळखलं तिनं. मग तुटक तुटक बोलली, आणि ती काय बोलली ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण गेल्या इतक्या वर्षांत एक दिवस असा नाही की ते आठवलं नाही.

"लय दमली मी. कुठं बसूच देत नोते मले. खिडकीत बसली का कोनीतरी पुसून टाके. पुन्हा बसली का पुन्हा पुसे."

कोण, मी विचारलं. विचारायची माझी हिंमत कशी झाली कोण जाणे.

"तोंड नाई दिसलं," ती म्हणाली. "खाली वाकून आपलं काम करून राह्यला होता."

मी तिला कधीच सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. हे आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगतो आहे.

ती वाचली. सावरायला दोन महिने गेले. शेठना मी अकराच प्लेटा दिल्या, बारावी फुटली म्हणून खोटं बोललो. ते कुरकुरले, मग कलशाचं चित्र एका चित्रकाराकडून हातानं काढून घेतलं. कॅटलॉग छापून निघाला. भांडी फार स्वच्छ आली आहेत असं सगळे म्हणाले. माझ्याकडे त्याची एक प्रत होती, ती मी चुलीत घातली.

मग मी गुलाबराव पाटलांकडे गेलो आणि म्हणालो की ही जागा मला आता कायमची राहायला हवी, आणि पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाडू द्या. भलतंच मागणं होतं, पण पाटील हो म्हणाले. गवंड्यानं भिंत फोडली. मी समोर उभा राहून एकेक दगड बघत होतो. आत जुनी चौकट नव्हती, बुजवल्याची खूण नव्हती, काही नव्हतं. सलग दगड होते. म्हणजे मी बारा दिवस जी खिडकी बघितली ती तोवर झालेलीच नव्हती. सुताराला मी मापं तोंडी सांगितली. कुठून आणली म्हणून त्यानं विचारलं नाही हे नशीब.

खिडकी झाली आणि खोली फोटोच्या दृष्टीनं बाद झाली. दोन बाजूंनी उजेड, पितळेचं काम तिथं होणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी शेठचं काम दुसऱ्याकडे गेलं. मी लग्नाच्या जोड्या आणि शाळेतले गट काढत राहिलो, पुढचं दार उघडं टाकून. फार चाललं नाही, बंदही पडलं नाही. द्वारकेनं मात्र सगळी बोचकी सोडली. रिकाम्या चादरींच्या गोधड्या शिवल्या. आणि नऊ वर्षं, रोज दुपारी, ती त्या खिडकीशी बसली. मैदानावरून जाणारी येणारी माणसं तिला ओळखायला लागली, थांबून बोलायला लागली.

तिचा फोटो मात्र मी काढला नाही. जागा होती, उजेड होता, ती समोर बसलेली होती. एकदा तिनंच विचारलं, आता काहून काढत नाई. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला काचेवर उतरवायची मला धास्ती बसली होती. मनाशी म्हटलं, एक प्लेट आहे ना आपल्याजवळ. पेटीच्या तळाशी, काळ्या कागदात. या नऊ वर्षांत मी ती तीन वेळा उघडून उजेडाकडे धरली, ती घरात नसताना. तिन्ही वेळा खिडकी होती, खिडकीशी ती होती.

गेल्या मार्गशीर्षात द्वारका गेली. फार त्रास झाला नाही तिला, दोन दिवसांचं दुखणं. तेरावं झालं, नामदेव आणि इतर माणसं परत गेली, आणि मी पेटी उघडली. मनात एवढंच होतं की आता प्रिंट काढायला हरकत नाही. चांगल्या कागदावर मोठा प्रिंट काढावा, भिंतीवर लावावा. उशीर झाला, पण शब्द तरी पुरा होईल.

प्लेट काढली. दाराशी नेऊन सकाळच्या उजेडात धरली.

जाणकार म्हणतील की प्लेट नीट धुतली नसेल, इतक्या वर्षांनी फिकी पडून उडाली असेल. मी तीस वर्षं हेच काम केलं आहे. उडाली तर सगळी प्लेट उडते, डाग पडतात, कडा पिवळ्या पडतात. इथं कलश जागच्या जागी आहे. काठावरची नक्षी, खालची सावली, सगळं काल काढल्यासारखं. चाकूचा ओरखडा नाही, पेन्सिलीचा माग नाही, मी भिंग लावून इंच इंच बघितलं. एक आठवडा रोज बघितलं. मला यातलं काहीच सांगता येत नाही, आणि कोणी समजावून सांगावं म्हणूनही मी हे लिहिलेलं नाही.

कलशाच्या पोटात आता पांढरं कापड आहे. खिडकी नाही, कोणी बसलेलं नाही, एक डाग नाही. त्या वर्षी बारा दिवस मी ज्यासाठी डोळे फोडले, अगदी तसा स्वच्छ फोटो आला आहे.